ताटलीतला पाक प्यायलं कोण?

"बरणीला हात लावायचा नाही," ताई म्हणाली आणि मधमाश्यांच्या पेटीशेजारी मांडी ठोकून बसली.

हातगाडी घेऊन आलेला शिपाई अवघडला. बरण्या जमा करा, असा केंद्राच्या साहेबांचा हुकूम होता. तेरा वर्षांच्या मुलीचं काय करायचं, ते हुकमात नव्हतं.

या मधमाशी केंद्रात मावशी नोकरीला होती. ताई, चष्मिष आणि पिटुकली ही तिची तीन भाचरं सुट्टीला आली होती. रानात फुलं नव्हती, म्हणून माश्यांना साखरेचा पाक कसा पाजावा याची चाचणी मावशी घेत होती. सहा पेट्यांवर, झाकणाला भोकं पाडलेली पाकाची एकेक बरणी उलटी ठेवलेली. उरलेल्या सहांना मिळून अंगणात एक मोठी ताटली. बरण्या चार दिवस पुरत. ताटली दुपारपर्यंत चाटूनपुसून साफ. साहेबांनी निकाल फळ्यावर लिहिला: ताटली उत्तम, माश्यांना आवडते; यापुढे बाराही पेट्यांना ताटलीच. ताटलीवाल्या पेट्या रिकाम्या टोपल्यांसारख्या हलक्या झाल्यात, अशाने बाराही पेट्या पंधरा दिवसांत उपाशी मरतील, असं मावशीने परोपरीने सांगितलं. साहेब म्हणाले, तक्त्यात वजनाचा रकाना नाही.

आता ते स्वतःच आले आणि पोरांना फाटकाबाहेर काढायला त्यांनी फर्मावलं.

"उचलूनच न्यावं लागेल," ताई म्हणाली. "आणि मी जड आहे."

साहेबांची चहाची वेळ झाली होती. त्यांनी तासाभराची मुदत दिली.

चष्मिषने फळ्याजवळचा निळा खडू आणला, कुटून मैद्यात मिसळला. पिटुकलीने ती पूड ताटलीवरच्या माश्यांवर चाळणीने भुरभुरवली. निम्मी तिच्याच केसांत गेली. मग तिघंही आपल्या पेट्यांपाशी वाट बघत राहिली. अर्ध्या तासात निळ्या माश्या आल्या चार! बाकीच्या सगळ्या पाक पिऊन सरळ भिंतीपलीकडे उडत होत्या.

ताई भिंतीवर चढली. पलीकडे बेकरीवाल्या काकांच्या तीस पेट्या होत्या, आणि दारादारांतून निळ्या माश्यांची रांग आत चालली होती. काका कौतुकाने सांगू लागले, की फुलं नसतानाही त्यांच्या पेट्या दोन माणसांशिवाय हलत नाहीत, जातच कष्टाळू.

"काका, तुमच्या कष्टाळू माश्या आमच्याकडे जेवतात," ताई म्हणाली.

साहेबांना चहावरून उठवून भिंतीशी आणलं. त्या तीस पेट्यांच्या दांडगाईत आपल्या अशक्त माश्यांना ताटलीचा काठही मिळत नव्हता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग ताटलीवाली एक पेटी उचलून पाहिली. ती एका हाताने वर आली. बरणीवाली उचलताना त्यांना कण्हावं लागलं.

ती त्यांनी हळूच खाली ठेवली. मग शिपायाला म्हणाले, ताटली उचल, आणि बाराही पेट्यांवर बरण्या लाव.

"शाबास, पोरांनो," ते घसा खाकरून म्हणाले. "पण मोठ्यांचं ऐकायची सवय ठेवा."

"ठेवू की," ताई म्हणाली. "पण आज ऐकलं असतं तर?"

साहेबांनी पेट्यांकडे पाहिलं. "आज नाही ऐकलंत, ते बरं केलंत," ते म्हणाले, शिपायाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मावशीने त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं.