कुलपाआडची उजळणी

ज्याला हे खोटं वाटेल, त्यानं आमच्या तांड्यावर येऊन बसावं. दिवेलागणीला. एकट्यानं.

मी जगन. साखऱ्याजवळ आमचा तांडा. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि निम्मा तांडा ऊसतोडीला गेला. माझी बहीण रूपाबाईही गेली. जाताना तिची निलम माझ्याकडे ठेवली.

"भाऊ, हिच्या हातात कोयता नको येऊ देऊ. शिकव," एवढंच म्हणाली.

निलम चौथीत. घरी आमची बंजाऱ्यांची बोली गोरमाटी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. स्पेलिंग म्हटलं की पोरीच्या तोंडचं पाणी पळायचं. म्हणून मी तिला रोज ओसरीवर मोठ्यानं घोकायला बसवायचो.

एकदा ती 'फ्रेंड'वर अडखळली.

समोरून आवाज आला...

"चूक. परत म्हण."

समोर संतरामचं घर. तोही ऊसतोडीला गेलेला.

दाराला कुलूप.

मी जाऊन दार बडवलं. मनसोक्त शिव्या घातल्या. आत हूं की चूं नाही.

वळलो, तर...

"परत म्हण."

निलमनं म्हटलं. मी पुस्तकात पाहिलं. बरोबर होतं.

मग रोज तेच. तिला घरात बसवलं, तर आवाज भिंतीतून यायचा. तिचं एकही स्पेलिंग चुकेना. गुरुजी खूश. मला मात्र धास्ती बसली, कारण पोरगी घरात गोरमाटी बोलेनाशी झाली.

"काहून बोलत न्हाईस गं?"

तिनं नुसतं समोरच्या दाराकडं पाहिलं.

एका संध्याकाळी रूपाबाईचा फोन आला. मी स्पीकर लावून निलमच्या हातात दिला.

"बोल की, बाळा."

पोरीनं फोन दोन्ही हातांनी धरला. मोठ्या कष्टानं म्हणाली, "याडी..."

आमच्यात आईला याडीच म्हणतात.

"चूक."

या वेळी आवाज भिंतीतून नव्हता...

तिच्या अगदी मागून होता.

"भाऊ, कोण चूक म्हणून राहिलं?" फोनवर रूपाबाई रडवेली झाली.

मी निलमच्या मागं पाहिलं, कुणीच नव्हतं.

निलमनं डोळे मिटले. "मम्मी," म्हणाली.

घर शांत झालं.

रूपाबाई टोळी सोडून आली. पोरीला घेऊन कळमनुरीला राहायला गेली. संतरामनं परतल्यावर कुलूप काढलं. आतल्या धुळीवर एक पाऊलसुद्धा नव्हतं.

निलम अजून आईला मम्मीच म्हणते. लोक कौतुक करतात, पोरगी सुधारली म्हणतात. मला संताप येतो. मागच्या आठवड्यात भेटायला गेलो, तेव्हा ती दुपारची झोपली होती. झोपेत पुटपुटत होती, याडी, याडी... आणि दर वेळी दचकून गप्प होत होती.