मनगट मोडलं तेव्हाच

"पायपुसण्यावरून घसरली माझी आई... आणि खुबा मोडला! मागच्या वर्षी मनगट मोडलं, तेव्हाच हाडं तपासायला नकोत?"

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेतल्या त्या उंच, अनोळखी तरुणाने मला "कुणाला बघायला आलात?" एवढंच विचारलं होतं.

"आणि आमचे फॅमिली डॉक्टर! म्हणे, वय झालं, जपून चाला. एकसष्ट म्हणजे वय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "हेमाताईंची पद्मजा ना तुम्ही? तो डॉक्टर... मीच. तेजस."

आईचं मनगट मोडलं तेव्हा मी बंगळूरला नोकरीला होते. त्यांचा पुण्यातला, विश्रांतवाडीचा दवाखाना मी पाहिलाही नव्हता.

"नियम माहीत नव्हता?"

"माहीत होता. साध्या पडण्याने हाड मोडलं, तर हाडांची घनता तपासायची. मार्गदर्शिका कपाटात आहे. पण समोर तापखोकल्याची गर्दी असते, आणि... राहून जातं."

"वा! कपाटाची हाडं तरी ठणठणीत असतील."

त्यांनी मान खाली घातली. "माझं चुकलंच. पण पुन्हा राहू नये म्हणून काही करता येईल? दवाखान्यात कॉम्प्युटर आहे. तुम्ही त्यातल्या ना?"

आईसाठी मी पुण्यात बदली घेतली, आणि दर शनिवारी दवाखान्यात जायला लागले. भांडायलाच. तिथल्या कॉम्प्युटरसाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला. पेशंटचं वय आणि जुनी दुखापत भरली, की पडद्यावर लाल ओळ उमटायची : हाडांची तपासणी विचारा.

"अहो, हा पोरगा क्रिकेट खेळताना पडलाय!" डॉक्टर ओरडले. "यालाही पाठवू?"

"ओरडू नका. दुरुस्त करते."

"रागावलात की छान दिसता, पण—"

"पेशंट बघा!"

मग एकदा मुक्ताबाई खोकल्यासाठी आल्या. लाल ओळ आली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून विचारलं, "हात कशाने मोडला होता?" झाडताना तोल गेला होता, एवढंच. पुढच्या शनिवारी त्या रिपोर्ट घेऊन आल्या; हाडं ठिसूळ निघाली होती. औषध वेळेत सुरू झालं.

मुक्ताबाई हसत गेल्या आणि माझा बांध फुटला. "माझ्या आईच्या वेळी का नाही? ती आता वॉकर धरून चालते!"

त्यांनी सबब सांगितली नाही. नुसता माझा हात हातात घेतला... मी सोडवून घेतला नाही.

बाहेर रिमझिम होती. दवाखाना बंद करताना ते कुलपाशी उगाच खटपट करत राहिले.

"काम तर झालं," ते म्हणाले. "म्हणजे आता शनिवारी तुम्ही... यायच्या नाहीत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"इतके महिने विश्रांतवाडीपर्यंतचं ट्रॅफिक मी एका लाल ओळीसाठी सहन केलं, असं वाटतं तुम्हाला? एवढे शिकलेले डॉक्टर, आणि समोरच्या बाईचं मन कळत नाही?"

किल्ली त्यांच्या हातातून खाली पडली.

"कळलं," ते हळूच म्हणाले. "पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"मग ऐका. आवडता तुम्ही मला. आणि आता ती किल्ली उचला, भिजतेय मी!"