विसरपट्टी

चंद्रावरच्या शीतल वस्तीत त्या दिवशी कुणी कामाला हात लावला नव्हता. सहा महिन्यांनी एकदा येणारं यान पृथ्वीकडे परत निघताना त्यात सहाच जागा रिकाम्या असत, आणि त्या कुणाला द्यायच्या हे पोकरच्या स्पर्धेत ठरे. आधी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या होत्या, पण भांडणं फार झाली. पत्त्यांत हरल्यावर निदान थोडा दोष स्वतःकडे घेता येतो. पहिल्याला तीन जागा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. बाकीच्यांना टाळ्या.

शेवटच्या टेबलावर आता तिघं उरले होते. खाणीवरच्या तळवलकर इंजिनीअरांपुढे डावावर लावायच्या चकत्यांचा ढीग होता आणि कॅन्टीनच्या डिमेलो आचाऱ्यांपुढे जेमतेम मूठभर. मधोमध होती हवाकेंद्र सांभाळणारी मृण्मयी वाघोलीकर. तिला दोनच जागा हव्या होत्या, एक स्वतःला आणि एक नवऱ्याला, ओजसला. त्यांची लेक इरावती पुण्यात होती, पहिलटकरीण, पुढच्या महिन्यात बाळंत व्हायची होती. "जायचं तर दोघांनी," हे मृण्मयीने साऱ्या वस्तीला ऐकवून ऐकवून पाठ करून सोडलं होतं.

पहिल्या रांगेत ओजस नखं खात होता. शेजारी डॉ. फाल्गुनी हिंगमिरे बसल्या होत्या.

"डॉक्टर, तिने आता नुसतं गप्प बसायला हवं ना?"

"अगदी. चकत्या संपल्या की डिमेलो आपोआप बाहेर पडतील आणि दोन जागा पक्क्या होतील. चकत्या दुप्पट झाल्या म्हणून जागा दुप्पट होत नाहीत. पण सगळ्या गेल्या तर एकाच जागेवर समाधान मानायचं. म्हणून इथवर आलेली माणसं चांगले पत्तेसुद्धा टाकून देतात. याला मी बक्षीसदाब म्हणते."

"पण हे तिला ठाऊक आहे की! सकाळी तिनेच मला समजावलं."

"सकाळी होतं ठाऊक," डॉक्टर म्हणाल्या.

गेल्या खेपेला या बक्षीसदाबापायी तिघंही खेळाडू तासन् तास पत्ते टाकत बसले होते आणि प्रेक्षक खुर्च्यांतच घोरायला लागले होते. म्हणून डॉक्टरांनी विसरपट्टी तयार केली. कपाळाला बांधायची ही मऊ पट्टी मेंदूतल्या एकाच आठवणीच्या पेशी हुडकून त्यांना झोपवत असे. खेळाडूला खेळ आठवे, बक्षीस आठवत नसे. पट्टी सुटली की आठवण परत. ती घरच्याच माणसाने सोडायची, असा वस्तीचा नियम होता. आज टेबलावरच्या तिघांच्याही कपाळाला ती सकाळीच बांधली होती.

तळवलकरांनी चकत्यांचा ढीग पुढे ढकलला. मृण्मयीकडे नव्व्यांची जोडी होती. सकाळच्या मृण्मयीने ती टाकून दिली असती. ही मृण्मयी खुशीत टेबलावर थाप मारून म्हणाली, "लावते सगळं! बघू तरी काय होतंय!"

"अगं, नको!" ओजस ओरडला. लोकांनी त्याला खाली बसवलं.

तळवलकरांकडे राजा आणि राणी होती. टेबलावरचे सामाईक पत्ते एकामागून एक उलटले, आणि शेवटच्या पत्त्याला राजा आला. राजांची जोडी नव्व्यांवर भारी पडली. मृण्मयी तिसरी, म्हणजे एकच जागा! मूठभर चकत्यांवर डिमेलोंची दोन जागांची सोय झाली, आणि त्यांना बिचाऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं.

मृण्मयी पोट धरधरून हसत आली. "काय खेळले रे मी! बघितलंस?"

ओजसच्या तोंडावर आलेला राग तिथेच विरला. असं हसताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्यावर त्याचं फार प्रेम होतं, आणि त्या क्षणी तर जरा जास्तच.

"बघितलं," तो म्हणाला. "इरावतीला सांगू. या दिवसांत तिलाही बरं वाटेल."

"कसल्या दिवसांत?"

ओजसने चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बक्षीस डोक्यात एकटं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "ते ज्याच्यासाठी हवं असतं, तेही त्याला चिकटलेलं असतं. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

मृण्मयी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. ओजसने तिचे हात हातात घेतले.

"मृण्मयी, आपण आजी-आजोबा होणार आहोत."

ती एवढ्या जोरात किंचाळली की तळवलकरांचा ढीग कोसळला. तिने ओजसला मिठी मारून उडी घेतली, आणि चंद्रावरची ती उडी दोघांना थेट छतापर्यंत घेऊन गेली. "मी आजी होणार!" ती वरूनच ओरडली. ही बातमी ऐकून ऐकून कंटाळलेल्या वस्तीने पुन्हा टाळ्या वाजवल्या, डिमेलोंनी तर शिट्टीही मारली. खाली येईपर्यंत ओजसही रडत हसत होता. एवढी मोठी बातमी बायकोला दुसऱ्यांदा पहिल्यांदा सांगायला कुणाला मिळते?

"कधी रे?" तिने त्याचे गाल धरले. तो "पुढच्या महिन्यात" म्हणाला, तशी ती उसळली. "मग यान तर परवा निघतंय! आपण दोघंही जाऊ या, ओजस. जायचं तर दोघांनी. काय करावं लागतं रे जागा मिळायला?"

ओजसचं बोट तिच्या पट्टीच्या बकलावर होतं. ते काही केल्या हलेना.