निळसर पांढरी भुकटी

शिवकांताबाईंनी पिशवीतून नवऱ्याचा रक्ताळलेला शर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. "आमचे मालक तडजोडीवर सही करायला तयार झालेत, वकीलसाहेब. तेवढी थांबवा."

भरपाईचा दावा अवधूत वकिलांनीच लावला होता आणि तो हरणार, असं त्यांनाच वाटू लागलं होतं. भूकंपात शिवकांताबाईंच्या नवऱ्याचं, गुरुबसप्पांचं दुकान गेलं, तेव्हा त्यांनी लूनावर कापडाचे गठ्ठे बांधून गावोगाव धंदा सुरू केला. चार वर्षांनी माळाकोळीच्या अलीकडे एका मोटारीनं त्यांना उडवलं. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. धडकेचं काही आठवत नव्हतं. चूक तुमचीच, तुम्हीच आडवे आलात, असं मोटारवाले सांगत राहिले आणि हळूहळू गुरुबसप्पांनाही ते पटलं. आठ महिन्यांत ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

मोटार होती प्राध्यापक गंधार मुखेडकर यांची. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे त्यांचे फिजिक्सचे क्लास तुडुंब भरत.

अवधूतांची थोरली बहीण विनीता खासगी तपासाची कामं करी. शेजारीच बसलेल्या तिनं शर्ट उलटा केला. पाठीवर, काखांखाली बोटांचे पांढरट ठसे होते.

"विभूती," अवधूत म्हणाले. "रोज लावतात ते."

"हाव, रोजच लावतेत," शिवकांताबाई म्हणाल्या. "कपाळाला अन् दंडाला."

विनीतानं शर्ट उजेडात धरला आणि घडी घालून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं भावंडं माळाकोळीला गेली. रस्त्याकडेच्या चहावाल्या सुमनबाईंना वेळ पक्की आठवत होती. रेडिओवर साडेआठच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या. आवाज ऐकून त्या धावल्या, तोवर गर्दी झालेली. "चष्म्यावाल्या सायबानंच बगलंत हात घालून उचललं बघा. मानूस भला."

मग नांदेड. मुखेडकर सरांनी आदरानं बसवून घेतलं. त्या सकाळी आपण क्लासला गेलोच नाही, असं त्यांनी सांगितलं. बॅच सहायकानं घेतली. आपण आंघोळ उरकून सात वाजता नांदेडच्या घरून निघालो आणि मागच्या सीटवर झोपलो. गाडी ड्रायव्हर चालवत होता, वेगही चाळीसच्या आतच होता. जखमीला मात्र स्वतः उचललं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ड्रायव्हर मलप्पा खाली मान घालून तेच बोलला.

निघताना विनीतानं भिंतीवरची जाहिरात वाचली. नांदेड, सकाळी सहा ते पावणेआठ. लातूर, पावणेदहापासून. दोन्ही ठिकाणी सर स्वतः शिकवणार.

"माळाकोळीपर्यंत पंचावन्न किलोमीटरला दीड तास," परतताना अवधूत म्हणाले. "हिशोब बसतो गं ताई."

विनीता पोलिसांचा पंचनामा वाचत होती. "स्टिअरिंगवर निळसर पांढरी भुकटी, काचेची पूड असावी," तिनं वाचून दाखवलं. "सर तडजोडीला कधी येणार आहेत?"

सोमवारी अवधूतांच्या ऑफिसात सर कागद घेऊन आले. बरोबर मलप्पा होता. घराबाहेर न पडणाऱ्या गुरुबसप्पांऐवजी शिवकांताबाई आल्या होत्या, त्या कोपऱ्यात बसल्या.

"सहीआधी थोडं बोलते," विनीता म्हणाली. "या शर्टावरचे ठसे आम्ही विभूतीचे समजलो. पण विभूती लावतात कपाळाला, दंडाला. हे ठसे पाठीवर आणि काखांखाली आहेत. म्हणजे ते उचलणाऱ्याचे. उचललंत तुम्ही."

"मी कुठं नाही म्हणतो?"

"नीट पाहा, पांढऱ्यात निळा रंग आहे. विभूती निळी नसते, खडू असतो. आंघोळ करून थेट घरून निघालेल्या माणसाच्या बोटांना रंगीत खडू कुठून लागला?"

सरांनी हातातले कागद टेबलावर ठेवले.

"तीच भुकटी पोलिसांना स्टिअरिंगवर दिसली. गुरुबसप्पा तर रस्त्यावर पडले होते, ती त्यांची नव्हे. काच निळी नसते, आणि मलप्पा काही फळ्यावर शिकवत नाहीत. खडूचे हात स्टिअरिंगवर होते, तेच हात जखमीच्या काखेत गेले. तुम्ही बॅच संपवलीत, हात धुवायलाही थांबला नाहीत आणि स्वतः गाडी काढलीत. पावणेआठ ते साडेआठ, पंचावन्न किलोमीटर, मध्ये लोहा गावातली गर्दी आणि उखडलेला रस्ता. लातूरची पावणेदहाची बॅच गाठायची, तर गाडी किती पळवावी लागते, हे फिजिक्सच्या माणसाला मी सांगू?"

मलप्पा हलक्या आवाजात बोलला, "म्या गाडीत न्हवतोच, बाई. दुपारी बोलावून ठाण्यात उभं केलं मला. नोकरीचा सवाल व्हता."

मुखेडकरांनी चष्मा काढला. "बैलगाडीला मागं टाकत होतो," अखेर ते म्हणाले. "गुरुबसप्पा समोरून त्यांच्या बाजूनंच येत होते. माझी गाडी त्यांच्या अंगावर गेली."

"हे कोर्टात सांगाल?"

त्यांनी मान डोलावली आणि तडजोडीचे कागद स्वतःच फाडले.

संध्याकाळी विनीता आणि अवधूत गुरुबसप्पांच्या घरी गेले. गुरुबसप्पांनी सगळं ऐकून घेतलं. भरपाई किती मिळेल, हे त्यांनी विचारलंच नाही.

"म्हंजे मी माझ्या बाजूनंच चाललो व्हतो?"

"हो," विनीता म्हणाली. "तुमची काही चूक नव्हती."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग शिवकांताबाईंना म्हणाले, "माझा इस्त्रीचा सदरा काढून ठिव. कोर्टाच्या तारखेला मी सोता जाणार हाय."

शिवकांताबाई कपाटाकडे गेल्या. त्यांची पाठ फिरताच गुरुबसप्पांनी भिंतीला टेकवलेली, आठ महिने न वापरलेली कुबडी ओढून घेतली आणि उठायची खटपट सुरू केली. अवधूत हात द्यायला पुढे झाले. विनीतानं त्यांना थांबवलं.