खंडेनवमीला उघडलेलं मशीन

खंडेनवमीच्या दुपारी गिरीधरने जयनगरातल्या आपल्या दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. काम साधं होतं. कॉम्प्युटरचे भाग जुन्या कॅबिनेटमधून काढायचे आणि नव्यात बसवायचे. स्वतःच्या हाताने हे त्याने कधी केलं नव्हतं. थोरला भाऊ वेणुगोपाळ करायचा, हा बाजूला उभा राहून बघायचा.

थोरल्याला सगळे अण्णा म्हणत. ते चैत्रात काविळीने गेले.

दुकान लग्नपत्रिकांचं होतं. मशीन अण्णांनीच जोडलं होतं, एस. पी. रोडच्या बाजारातून एकेक भाग आणून. जायच्या आधी त्यांनी धाकट्याचा हात धरला. दुकान तू ठेव, म्हणाले, मशीन तुझ्या वहिनीला दे. तिला टायपिंग येतं, घरबसल्या पत्रिका करील, कुणापुढे हात पसरायची वेळ येणार नाही. गिरीधरने हात न सोडवता हो म्हटलं.

माणूस गेला आणि ते 'हो' पातळ झालं. नव्या मशीनला पैसे कोण घालणार? वहिनी, हेमावती, दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन न्यायला येणार होती. दसरा उद्या होता.

तेव्हा त्याने ठरवलं ते असं. आतलं सगळं नव्या कॅबिनेटमध्ये घ्यायचं. जुन्या डब्याला स्क्रू लावून तो वहिनीच्या हवाली करायचा. हाताला वजन लागावं म्हणून आत एक वीट. चालू झालं नाही तर सांगायचं, रिक्षात हादरे बसले, जळलं असेल. ती थोडीच डबा उघडून बघणार.

शेजारी रघुजी शिवणयंत्रं दुरुस्त करत. सकाळी नवं कॅबिनेट बघून त्यांनी हटकलं होतं.

"गिरी, आज हत्याराला कुंकू लागलंय. आज ते निजलेलं असतं. नाळे कर, उद्या."

"उद्या सवड नाही, रघुजीमामा."

"सरी, बरं. मशीन तुझं नाही, म्हणून घाई तुला."

गिरीधर हसला. रघुजी हसले नाहीत. ते कुलूप लावून घरी गेले.

दुपारी सगळी गल्ली बंद होती. शटरांना केळीचे खुंट बांधलेले, रस्त्यात कुंकू भरून फोडलेले कोहळे. वर्षातून हा एकच दिवस त्या गल्लीत पाना फिरत नाही की कात्री चालत नाही. शटरच्या फटीतून कोहळ्याचा ओला वास आणि जळलेल्या कापराचा वास आत येत होता. गिरीधरने मशीनवरचा झेंडू बाजूला सारला, कुंकू पुसलं आणि झाकणाच्या चार कोपऱ्यांतला पहिला, फुलीच्या खाचेचा स्क्रू सोडवला.

झाकण सरकलं तशी आतून गरम वाफ त्याच्या तोंडावर आली. मशीन आदल्या दिवसापासून बंद होतं. वाफेला वास होता. हिरवा, कडू. भुईआवळ्याच्या रसाचा. अण्णा शेवटचे दोन महिने तोच रस पीत होते.

गिरीधरने तोंड फिरवलं. मग पंखा लावून पुन्हा कामाला बसला.

हार्ड डिस्क निघाली. पट्ट्यासारख्या केबली निघाल्या. बोर्ड काढताना तो जरा अडला, मग आपसूक सुटून हातात आला, झोपलेलं मूल उचलावं तसा जड. नव्या कॅबिनेटमध्ये त्याने बोर्ड बसवला आणि विजेचे दोन कनेक्टर हातात घेतले. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी याव्या लागतात. उलटं लावलं तर बोर्ड जळतो. त्याने उलटं धरलं होतं.

"हूं," मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णा असेच म्हणत. काम चुकलं की ओरडत नसत, नुसतं हूं.

गिरीधर वळला नाही. मानेवरचे केस उभे राहिले होते, तरी वळला नाही. भास, असं मनाशी म्हणत त्याने कनेक्टर फिरवून लावले. मागे खुर्ची करकरली, एखादा माणूस समाधानाने टेकून बसावा तशी. त्यानंतर त्याचा हात एकदाही चुकला नाही.

उन्हं कलायच्या आत मशीन नव्या अंगात सुरू झालं. त्याने वीट अण्णांच्या जुन्या पंच्यात गुंडाळली, डब्यात ठेवली आणि स्क्रू आवळले.

दसऱ्याला हेमावती आली. डबा आणि जुना मॉनिटर रिक्षात घालून के. आर. पुरमला आपल्या खोलीवर घेऊन गेली. प्रिंटर तिच्याकडे आधीपासून होता. जाताना एवढंच म्हणाली, "भावजी, शब्द पाळलात."

त्याच संध्याकाळी गिरीधरच्या मशीनचा पडदा काळा झाला. दिवा लागे, पंखा फिरे, पण पडद्यावर काही नाही. त्याने सगळं काढून पुन्हा लावलं. पुन्हा काढलं. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. वहिनी तक्रार घेऊन येईल म्हणून तो उत्तर घोकून बसला होता. ती आली नाही.

आली ती तिने केलेली एक पत्रिका. एका गिऱ्हाइकाने दाखवली, अशीच हवी म्हणून. काठाला मोरांची वेल होती. ती वेल अण्णांनी स्वतः काढलेली, आणि ती त्या हार्ड डिस्कशिवाय दुसरीकडे कुठेही नव्हती. डिस्क गिरीधरच्या दुकानात होती.

त्याने दुकान बंद केलं आणि बस धरली.

हेमावतीची खोली रेल्वे लाइनच्या अंगाला होती. दार उघडंच होतं. ती टाइप करत होती. समोरच्या पडद्यावर मोरांची वेल. टेबलाखालच्या जुन्या डब्यातून कर्र... कर्र... असा डिस्क फिरल्याचा आवाज येत होता.

"बसा, भावजी. स्वल्प थांबा, एवढी ओळ झाली की कॉफी करते."

गिरीधर टेबलाखाली वाकला. डब्याचा आवाज बरा वाटत नाही, म्हणाला, उघडून बघतो. ती म्हणाली, बघा, तुम्हीच बांधून दिलंय. त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. झाकण सरकवलं.

आत वीट होती. पंच्यात गुंडाळलेली, त्याने ठेवली होती तशीच. एकही तार तिला जोडलेली नव्हती. त्याने हात लावला. तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी ती गरम होती, आणि त्याच्या तळहाताखाली पंच्याच्या आत काहीतरी कर्र... करून थांबलं. जसं कुणी ओळखीचा हात ओळखून गप्प व्हावं.

खोलीत भुईआवळ्याचा वास पसरला.

"झाकण लावा, भावजी," हेमावती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "उघडं राहिलेलं त्यांना चालत नाही."

"कुणाला...?"

ती टाइप करत राहिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"रोज दुपारी सांगत असतात. गिरी चांगला शिकला म्हणतात. नीट उघडलं, आतलं सगळं न मोडता काढलं." ती थांबली. "आता एकदा गिरीलाच उघडून बघतो म्हणतात."

कॉफीला तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातलं नवं कॅबिनेट त्याने आहे तसं उचललं आणि के. आर. पुरमला नेऊन दारात ठेवलं. घे म्हणाला, सगळं घे, दुकानही घे. हेमावतीने बघितलं आणि दार लोटून घेतलं. माझं माझ्याकडे आहे, एवढं आतून ऐकू आलं.

दिवाळीपर्यंत काही झालं नाही. गिरीधरला जेवण जाऊ लागलं. रघुजींशी तो पुन्हा बोलू लागला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे तो पाटावर बसला होता. बायको, सुचेता, त्याला तेल लावत होती. कोमट तेल, बाहेर लांबवर फटाके. पाठीवरून फिरणारा तिचा हात थांबला.

"अहो, हे कधी झालं?"

"काय?"

"पाठीवर. वर दोन डाग, खाली दोन... कोपऱ्यांना असावेत तसे. गोल आहेत. मध्ये बारीक फुली."

सुचेताने समई जवळ ओढली आणि एकेकावर बोट टेकवून पाहिलं.

"तीन घट्ट आहेत," ती हळूच म्हणाली. "हा एक... फिरतोय."