मधली शांतता

पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं, हे माझं काम. रीत साधी आहे. ‘पाणी दे’ एवढे दोन शब्द चालीवर म्हणायचे आणि रोग्याने ते मागोमाग म्हणायचे. बोलता न येणाऱ्याला पुष्कळदा गाता येतं. मग चाल हळूहळू काढून घ्यायची, शब्द मागे उरतात. पथ्य एकच: शब्दांशिवाय चाल धरायची नाही, नाहीतर रोगी तिथेच रमतो.

आमचे मोठे डॉक्टर म्हणतात, माणूस आधी गायला असावा, बोलायला मागाहून लागला. मेंदूत शब्दांचा मजला वर चढला, पण तळमजला कुणी पाडला नाही.

“मग तिथे भाडेकरू कोण?” मी एकदा चेष्टेने विचारलं होतं.

यंदा माझा धाकटा भाऊच रोगी म्हणून समोर बसला. एकेकाळी समोरच्याला बोलू न देणारा माणूस, आता तोंडातून अक्षर नाही. मला त्याच्याकडून एकदा ‘ताई’ ऐकायचं होतं. पुष्कळ डोकेफोड केली. एका दुपारी तो आपणहून काहीतरी गुणगुणला आणि माझ्याकडे बघत थांबला. मला राहवलं नाही. पथ्य धाब्यावर बसवून मीही बिनशब्दांची एक ओळ गुणगुणले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने माझ्यामागे म्हणणं सोडलं. तो एक ओळ गुणगुणायचा आणि थांबायचा. तो थांबला की पलीकडच्या बंद खोलीतले मास्तर सुरू व्हायचे. तेही वाचा गेलेले, पण माझ्याकडे अजून आले नव्हते. दोघांची कधी गाठभेट झालेली नव्हती.

“भिंती पातळ आहेत,” मी नर्सला म्हणाले.

“मास्तर ठार बहिरे आहेत, मॅडम.” ती जरा घुटमळली. “आणि मास्तरांनंतर दोघंही गप्प बसतात ना, ते कशाला?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी भावाजवळ बसून ऐकलं. आधी तो. मग मास्तर. मग एका ओळीएवढी शांतता, आणि त्या शांततेत भाऊ पटल्यासारखी मान हलवत होता.

ती शांतता मोडायची म्हणून मी घाईघाईने म्हणू लागले, “पाणी दे. पाणी दे.”

“ताई,” भाऊ म्हणाला. अगदी स्वच्छ.

माझे डोळे भरून आले.

“मध्ये बोलू नकोस. त्याचं होऊ दे.”

मी गप्प झाले.

पलीकडे मास्तरही गप्प होते.

भाऊ बराच वेळ कान देऊन ऐकत राहिला. मग माझ्याकडे न बघताच त्याने माझ्याकडे बोट केलं.

“हो,” तो म्हणाला. “हीच.”