मधला चौकोन

त्या उंदराला 'अप्पा' हे नाव कुणी ठेवलं, यावर प्रयोगशाळेत पुढे बरीच वादावादी झाली. पण खरं सांगायचं तर ते चिऊनंच ठेवलं होतं. चिऊ हे तिचं घरातलं नाव. बाई चाळिशीला टेकली, मेंदूवरच्या औषधांची जाणकार म्हणून चार लोक ओळखू लागले, तरी वडिलांच्या तोंडी चिऊ ती चिऊच.

प्रयोगाच्या जनावराला नाव द्यायचं नाही, असा तिथला शिरस्ता. शेपटीवर शाईच्या खुणा, बस्स. शेवटी त्यांना कायमचं झोपवून मेंदू तपासायचा असतो, जीव लावून कसं चालेल? पण हा पांढरा उंदीर असा काही कोपरा धरून बसायचा, की तिला घरचे अप्पा आठवले. आई गेल्यापासून अप्पांनी कोपऱ्यातली खुर्ची धरली होती. पाय ठणठणीत आहेत, असं डॉक्टरांनी शंभरदा सांगून झालं होतं. उठावंच लागलं तर अप्पा भिंतीला हात लावून कडेकडेनं जायचे आणि परत खुर्चीत. एके काळी नाचायला उभा राहिला की भल्याभल्यांना दमवणारा माणूस! चिऊचा जीव तुटायचा.

"हे बघा, आमचे अप्पा," ती एकदा हसत म्हणाली आणि नाव चिकटलं.

काम तसं साधं. मोठी पांढरी पेटी, तळाला चौकोन आखलेले, वर कॅमेरा. उंदराला सुई टोचायची, पेटीत सोडायचं आणि बघत बसायचं. घाबरलेला उंदीर भिंत सोडत नाही. भीती उतरली की मधल्या चौकोनात येतो. कुठल्या सुईत औषध आणि कुठल्या सुईत नुसतं मिठाचं पाणी, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या एकट्या मॅडमना ठाऊक, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात आधीच काही भरत नाही. एक उंदीर काढला की पेटी स्पिरिटनं लख्ख पुसायची, त्याचा वास पुढच्याला लागू नये म्हणून.

बरेच दिवस हा पठ्ठ्या कोपऱ्यातच. मग एका दुपारी त्यानं मिशा हलवल्या, एक पाय पुढे टाकला आणि तडक मधल्या चौकोनात येऊन बसला.

"भिंत सोडली!" सुया देणारा सहकारी ओरडला. त्याला सगळे बडबड्या म्हणत. "चला, अप्पा निघाले फिरायला!"

संध्याकाळी चिऊ घरी आली, तर अप्पा खोलीच्या मधोमध उभे. हात कशालाच लावलेला नाही.

"आलीस? चहा टाकतो," ते म्हणाले.

तिला रडूच फुटलं. चहा गोडमिट्ट झाला होता. तरी दोन कप प्यायली.

योगायोग, असं तिनं स्वतःला बजावलं. शास्त्र शिकलेली बाई, दुसरं काय म्हणणार? पण उंदीर पेटीत गरागरा फेऱ्या मारू लागला, त्या दिवशी अप्पा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला आणि अप्पांनी टाचा उंचावून कपाटावरचा जुना रेडिओ खाली काढला. मग काय विचारता! रोज संध्याकाळी घरात धुडगूस. अप्पा चिऊचा हात धरून तिला गिरक्या घ्यायला लावत आणि तिचा पाय चुकला की पोट धरून हसत.

"घरात स्पिरिटचा वास कसला गं येतो?" नाचता नाचता त्यांनी विचारलं.

"माझ्या हातांचा असेल."

"छे! तू नसतेस तेव्हाच येतो. दुपारी."

चिऊचा पाय पुन्हा चुकला. या वेळी अप्पा एकटेच हसले.

प्रयोग संपला तेव्हा मॅडमनी सुयांचं गुपित फोडलं.

"तुझ्या अप्पाला रोज नुसतं मिठाचं पाणी होतं," त्या म्हणाल्या.

"मग तो धावला कशानं?"

"देव जाणे. आता उद्या सगळ्यांना झोपवायचं."

चिऊनं पिंजरा जवळ ओढला. "मॅडम, पाया पडते. हा मला द्या."

मॅडमनी वही उघडून नोंद पाहिली. मग म्हणाल्या, "याच्या अंगात औषध गेलेलं नाही, परवानगी मिळेल. पण फार जीव लावू नकोस. निम्मं आयुष्य सरलंय त्याचं. फार तर वर्षभर सोबत करील."

चिऊनं तेवढं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पिंजरा छातीशी धरून ती घरी आली. अप्पा पाहुण्यावर बेहद्द खूश.

"नाव काय याचं?"

"अजून ठेवलं नाही," ती म्हणाली.

सुट्टीची सकाळ होती. खिडकीतून ऊन आत आलेलं. शेजारच्या खोलीत रेडिओ लागला होता आणि त्याच्या सुरात अप्पा गुणगुणत होते. चिऊला वाटलं, आणखी काय हवं माणसाला?

पिंजऱ्यातला भुसा बदलायचा म्हणून तिनं उंदराला अलगद उचललं, छातीखाली तळवा घालून, रोजच्या सवयीनं. त्याचे पाय हवेत लोंबकळले.

गुणगुणणं थांबलं.

"अगं चिऊ," अप्पा पलीकडून खळखळून हसत म्हणाले, "पडेन ना! खाली ठेव मला."